कवटी कोणत्या बाटलीवर?

कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत निकेलचे क्षार बहुधा असतातच. क्षार-विश्लेषणाच्या चौथ्या गटात निकेल येते. द्रावण अमोनियाने अल्कधर्मी करून त्यात डायमिथिल ग्लायॉक्झाइमचे थेंब टाकले की सुंदर गुलाबी-लाल अवक्षेप पडतो आणि विद्यार्थी खूश होतात. या क्षारांच्या बाटल्यांवर अलीकडे चित्रे दिसू लागली आहेत. युरोपीय संघाच्या यादीप्रमाणे लेबल लावलेल्या तीन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या तर काय दिसेल? निकेल क्लोराइडवर कवटी व हाडे. निकेल सल्फेटवर कवटी नाही, साधे उद्गारचिन्ह. निकेल ऑक्साइडवरही उद्गारचिन्ह आहे, पण ते त्वचेच्या ॲलर्जीसाठी. गिळण्याबद्दल त्या लेबलावर एक शब्दही नाही. चौकस विद्यार्थी लगेच निष्कर्ष काढतो की क्लोराइड जहाल, सल्फेट मध्यम आणि ऑक्साइड जवळजवळ निरुपद्रवी.

हा निष्कर्ष कितपत बरोबर आहे, आणि तो चुकत असेल तर दोष विद्यार्थ्याचा की वर्गीकरणाच्या पद्धतीचा, हे या लेखात तपासायचे आहे. पद्धत टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. निकेलच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत तिच्यात चांगली सुधारणाही झाली आहे. पण ती नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे तपासल्यावाचून तिचा निकाल वर्गात सांगू नये, असे आम्हांला वाटते.

प्रथम तीव्र विषारीपणा म्हणजे काय ते पाहू. एखादा पदार्थ एकदाच, किंवा चोवीस तासांच्या आत, शरीरात गेला आणि त्याचा परिणाम थोड्या दिवसांत दिसला तर त्याला तीव्र विषारीपणा म्हणतात. वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात किंवा फुप्फुसात गेल्याने होणारे रोग यात धरत नाहीत. मोजमापासाठी जो आकडा वापरतात त्याला एलडी-५० म्हणतात. आपण त्याला अर्धमारक मात्रा म्हणू. ज्या मात्रेने चाचणीतले निम्मे प्राणी मरतात ती ही मात्रा, प्राण्याच्या दर किलोग्रॅम वजनामागे मिलिग्रॅममध्ये सांगितलेली. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ ट्रेव्हन यांनी १९२७ साली मांडली. त्यांचा हेतू डिजिटॅलिस, इन्शुलिन यांसारख्या औषधांची ताकद एका बॅचपासून दुसऱ्या बॅचपर्यंत सारखी आहे ना, हे पाहण्याचा होता. औषधाचे प्रमाणीकरण करण्यासाठी निघालेले हे माप पुढे जगातल्या सगळ्या रसायनांना लावले गेले. तराजू चांगला होता, पण तो दुसऱ्याच दुकानातला होता.

जुन्या पद्धतीत एका रसायनासाठी पन्नास ते शंभर प्राणी खर्ची पडत. ओईसीडी या संघटनेने आपली या प्रकारची मार्गदर्शिका, क्रमांक ४०१, २००२ च्या अखेरीस रद्द केली आणि तिच्या जागी कमी प्राणी लागणाऱ्या तीन पद्धती ठेवल्या. त्यांतली 'वर-खाली' पद्धत वर्गात सांगण्यासारखी आहे. एका उंदराला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटला, समजा १७५ मिलिग्रॅमची मात्रा दिली. तो जगला तर पुढच्याला सुमारे तिप्पट, मेला तर सुमारे एक-तृतीयांश. असे एकेक पाऊल वर-खाली करीत, जगणे-मरणे जिथे बदलते त्या सीमेभोवती फेऱ्या घालायच्या. पाच-दहा प्राण्यांत उत्तर मिळते. गणिताच्या शिक्षकांना यात समीकरणाचे मूळ शोधण्याची दुभाजन पद्धत दिसेल. पण पावलेच तिपटीची असल्यामुळे उत्तर किती ढोबळ असणार, हेही त्यांच्या लगेच ध्यानात येईल.

हा ढोबळ आकडा पुढे एका कप्प्यात टाकला जातो. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली जीएचएस या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी जागतिक समान पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात गिळण्यासाठी असे कप्पे आहेत: ५ मिलिग्रॅमपर्यंत पहिला वर्ग, ५० पर्यंत दुसरा, ३०० पर्यंत तिसरा, २००० पर्यंत चौथा. पाचवा वर्ग ५००० पर्यंतचा, पण तो ऐच्छिक आहे आणि युरोपीय संघाने तो घेतलेला नाही. पहिल्या तीन वर्गांना कवटी, चौथ्याला उद्गारचिन्ह. म्हणजे २९० आणि ३१० या आकड्यांमध्ये कवटीचा फरक पडतो, मग मोजमापातली अनिश्चितता याच्या कितीतरी पट असो. शिवाय या रेघा निसर्गाने आखलेल्या नाहीत. युरोपच्या जुन्या निर्देशात 'विषारी' आणि 'हानिकारक' यांच्यामधली रेघ २०० वर होती. २००८ च्या नव्या नियमावलीने ती ३०० वर नेली. त्या वर्षी कोणतेही संयुग आदल्या वर्षीपेक्षा अधिक विषारी झाले नव्हते.

आता निकेल सल्फेट घेऊ. प्रयोगशाळेतले निळसर-हिरवे स्फटिक म्हणजे स्फटिकजलाचे सहा रेणू असलेला क्षार. रॅटवरील नव्या पद्धतीच्या चाचणीत त्याची अर्धमारक मात्रा सुमारे ३६० मिलिग्रॅम आली. म्हणजे चौथा वर्ग, उद्गारचिन्ह. या क्षाराचा रेणुभार २६३ आणि निर्जल सल्फेटचा १५५. विद्यार्थ्यांना त्रैराशिक मांडायला सांगा. ३६० मिलिग्रॅम सजल क्षारात जेवढे निकेल आहे तेवढेच निकेल निर्जल क्षाराच्या सुमारे २१२ मिलिग्रॅममध्ये असेल. २१२ हा आकडा ३०० च्या खाली, म्हणजे तिसरा वर्ग आणि कवटी! पोटात गेल्यावर दोन्ही क्षार विरघळतात आणि तेच निकेल आयन देतात. बाटलीतल्या पाण्यामुळे कवटी येते किंवा जाते. निर्जल क्षार पिवळा असतो आणि उघड्यावर ठेवला की हवेतली वाफ शोषून हिरवट होतो. तेव्हा तत्त्वतः असे म्हणायला हवे की बाटलीचे झाकण उघडे राहिले तर आतला पदार्थ हळूहळू वर्ग बदलतो.

युरोपच्या यादीने या अडचणीतून वेगळाच मार्ग काढला आहे. क्षाराची नोंद सजल व निर्जल दोन्ही रूपांना लागू, वेगळे सांगितले नसेल तर. त्यामुळे सल्फेटची दोन्ही रूपे चौथ्या वर्गात बसली आणि क्लोराइडची दोन्ही तिसऱ्या वर्गात, मग षड्जलीय क्लोराइडची नव्या चाचणीतली मात्रा ३०० च्या बरीच वर का असेना. यादीत या वर्गांपुढे एक फुली आहे. तिचा अर्थ असा की हा जुन्या निर्देशावरून रूपांतरित केलेला किमान वर्ग आहे. अधिक कडक वर्ग दाखवणारी माहिती हाती असेल तर तो कडक वर्ग लावावा. बाटलीच्या लेबलावर फुली छापत नाहीत. एवढी महत्त्वाची सूचना नेमकी तिथेच गळून जाते. क्लोराइडवर कवटी आणि सल्फेटवर उद्गारचिन्ह हा फरक बराचसा या कागदोपत्री इतिहासाचा आहे. निकेल आयनांच्या दृष्टीने हे दोन क्षार सख्खे भाऊ आहेत.

इथवर आम्ही कप्प्यांवर टीका केली. आता कप्प्यांत भरण्याच्या मालाकडे वळू, कारण इथे खरोखर चांगले काम झाले आहे. निकेलची संयुगे शेकड्यांनी आहेत. प्रत्येकावर प्राण्यांच्या चाचण्या करणे शक्यही नाही आणि शहाणपणाचेही नाही. त्यामुळे एका संयुगाच्या माहितीवरून दुसऱ्याबद्दल अनुमान करावे लागते. प्रश्न एवढाच की कोणते संयुग कोणाचे भावंड मानायचे? युरोपीय आयोगाने २००८ आणि २००९ साली शंभराहून अधिक निकेल संयुगांचे वर्गीकरण केले तेव्हा मुख्यतः पाण्यातील विद्राव्यतेचा आधार घेतला. निकेल उद्योगाच्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले. अशा गुंतागुंतीच्या तांत्रिक बाबतीत आयोगाला व्यापक विवेकाधिकार आहे, असे म्हणून युरोपीय न्यायालयाने २१ जुलै २०११ रोजी वर्गीकरण कायम ठेवले. निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्य असेल, पण पाण्यातली विद्राव्यता हा पोटासाठी चांगला निकष आहे का, या रसायनशास्त्राच्या प्रश्नाला तो हात लावत नाही.

तो निकष पोटासाठी कच्चा आहे, हे दहावीचा विद्यार्थीही सांगू शकेल. निकेल कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही, पण त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. बुडबुडे येतील आणि हिरवे द्रावण मिळेल. आपल्या जठरात तेच आम्ल असते. युरोपच्या यादीत निकेल कार्बोनेटला 'गिळल्यास हानिकारक' हा वर्ग मिळाला आहे तो रास्तच आहे. पण केवळ पाण्याच्या कसोटीने तो मिळाला नसता.

म्हणून निकेल उत्पादकांच्या पर्यावरण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेले काम आम्हांला महत्त्वाचे वाटते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. निकेलच्या अनेक संयुगांची अर्धमारक मात्रा एकाच पद्धतीने रॅटमध्ये मोजली. आणि तीच संयुगे कृत्रिम जठररसात, म्हणजे सुमारे १.५ पीएचच्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात, शरीराच्या तापमानाला ठेवून किती निकेल बाहेर पडते ते पाहिले. दुसऱ्या चाचणीला काचपात्र, थर्मोस्टॅट आणि निकेल मोजण्याचे उपकरण पुरते. प्राणी लागत नाही.

निष्कर्ष डोळ्यांत भरणारे होते. सल्फेट, क्लोराइड, ॲसिटेट, फ्लोराइड यांच्यासारख्या विद्राव्य क्षारांच्या मात्रा साधारण ३०० ते ६०० च्या पट्ट्यात आल्या. ऑक्साइड आणि सल्फाइड मात्र हजारोंच्या घरात गेले. काहींच्या बाबतीत ११,००० मिलिग्रॅमलाही निम्मे प्राणी मेले नाहीत. हा आकडा नीट समजून घ्यावा. पाव किलोच्या रॅटला पावणेतीन ग्रॅम भुकटी, म्हणजे पन्नास किलोच्या विद्यार्थ्याला अर्धा किलोहून अधिक. आणि ऑक्साइडमध्ये वजनाने जवळजवळ ७९ टक्के निकेल असते, तर सजल सल्फेटमध्ये २२ टक्के. म्हणजे निव्वळ निकेलच्या हिशोबाने दोघांत शंभरपटीहून अधिक अंतर आहे. 'निकेल विषारी आहे' हे वाक्य या अर्थी अपुरे आहे. विषारी आहे तो सुटा झालेला निकेल आयन. तो किती सुटतो, कुठे सुटतो आणि किती वेगाने सुटतो, यावर सगळे अवलंबून. जठररसातल्या चाचणीने हेच दाखवले. विद्राव्य क्षार आपले जवळजवळ सगळे निकेल सोडतात, ऑक्साइड अगदी थोडे.

यात एक बारीक गोष्ट आहे. निकेल ऑक्साइड हिरवे असते आणि काळेही. हिरवे फार उच्च तापमानाला भाजलेले, घट्ट स्फटिकांचे, आम्लालाही दाद न देणारे. काळे कमी तापमानाला तयार झालेले आणि त्यामानाने क्रियाशील. पाठ्यपुस्तकात दोघांचे नाव एक आणि सूत्रही एकच. वर्गीकरण नावाला चिकटते, पण निकेलचे आयन नावावरून सुटत नाहीत. कणांचा आकार आणि भट्टीचे तापमान यांचा तिथे मोठा वाटा असतो. जठररसाची चाचणी प्रत्यक्ष नमुन्यावर करता येते, हा तिचा आमच्या मते सर्वांत मोठा गुण.

हे काम उद्योगाच्या पैशाने झाले म्हणून ते बाद करावे का? आम्हांला तसे वाटत नाही. पद्धत उघड सांगितलेली आहे, चाचणी स्वस्त आहे, कोणत्याही विद्यापीठाला ती करून पाहता येईल. पण उद्योगाला हवा असणारा निष्कर्ष कोणता, हे वाचकाने विसरू नये. ज्या संयुगांतून निकेल सुटत नाही त्यांना तीव्र विषारीपणाचे लेबल नको, हा तो निष्कर्ष. गिळण्यापुरता तो बरोबर आहे. जठरातला आकडा उचलून फुप्फुसाला लावला तर मात्र तो साफ चुकतो.

त्याआधी रॅटबद्दल एक तक्रार. रॅटला उलटी होत नाही. माणसाला होते, आणि निकेलच्या विषबाधेत ती लवकर होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात विद्युत-विलेपनाच्या कारखान्यातील ३२ कामगारांची हकिगत आहे. निकेल सल्फेट व क्लोराइड मिसळले गेलेले पाणी ते चुकून प्याले. लिटरमागे १.६३ ग्रॅम निकेल होते. त्यांतल्या २० जणांना मळमळ, उलट्या, चक्कर, डोकेदुखी असे त्रास झाले. अर्धा ते अडीच ग्रॅम निकेल पोटात गेले असावे असा अंदाज होता. म्हणजे किलोमागे ७ ते ३५ मिलिग्रॅम. सगळे बरे झाले. रॅटमधल्या सल्फेटचा आकडा निकेलच्या हिशोबात मांडला तर किलोमागे सुमारे ८० येतो. त्याच्या एका छोट्या भागानेच माणसे आजारी पडली होती. याउलट सुमारे १५ ग्रॅम निकेल सल्फेटचे स्फटिक खाल्ल्याने एका लहान मुलीचा मृत्यू झाल्याची नोंद १९८३ च्या वैद्यकीय लेखनात आहे. अर्धमारक मात्रा फक्त मृत्यू मोजते. तिच्या खाली किती दुखणी मावतात हे ती सांगत नाही. हिरवे, चमकदार स्फटिक लहान मुलांना खडीसाखरेसारखे दिसतात, हेही ती सांगत नाही.

पोट रिकामे की भरलेले यानेही फार फरक पडतो. १९८९ मधल्या एका प्रयोगात उपाशीपोटी पाण्यातून निकेल सल्फेट घेतलेल्या स्वयंसेवकांनी सरासरी २७ टक्के निकेल शोषले. तेच अन्नात मिसळून दिले तर एक टक्क्याहूनही कमी. चाचणीत रॅटला रात्रभर उपाशी ठेवतात. सावधगिरीच्या दृष्टीने हे ठीकच, पण एकाच पदार्थाच्या परिणामात जेवणामुळे तीस-चाळीस पटींचा फरक पडत असेल तर तिसरा वर्ग की चौथा, यावरचे वाद थोडे शांतपणे ऐकायला हरकत नाही.

निकेलचे खरे जहाल तीव्र विष शाळेत कधी येत नाही, आणि ते येऊही नये. ते म्हणजे निकेल कार्बोनिल. लुडविग मॉन्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९० साली ते शोधले. निकेलवरून कार्बन मोनॉक्साइड नेला की हे संयुग बनते, तापवले की पुन्हा शुद्ध निकेल मिळते. धातू शुद्ध करण्याची इतकी देखणी युक्ती दुसरी नाही. पण हा द्रव ४३ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात तो बाटलीतच उकळेल. त्याची वाफ फुप्फुसात जाते. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, मग बरे वाटते, आणि बारा तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी फुप्फुसात पाणी होऊ लागते. टेक्सासमधल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात १९५३ साली शंभराहून अधिक कामगार या वाफेच्या तडाख्यात सापडले. ३१ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, दोघे दगावले. त्याच सुमारास केलेल्या प्रयोगांत अर्ध्या तासाच्या श्वसनासाठी निम्मे प्राणी मारणारे प्रमाण उंदरांत लिटरमागे ०.०६७ मिलिग्रॅम, रॅटमध्ये ०.२४ आणि मांजरात १.९ आले. एकच वायू, तीन प्राणी, आणि अंतर अठ्ठावीस पटींचे! माणूस यांपैकी कोणासारखा, हे प्राण्यांच्या आकड्यांवरून कोण सांगणार? इथे कवटी लावण्याबद्दल वाद नाहीच. तीन्ही आकडे घेऊन निकाल तोच लागतो. जिथे विष खरोखर जहाल असते तिथे ढोबळ पद्धतही पुरते, आणि जिथे रेघेजवळचा निवाडा करायचा असतो तिथेच ती लटपटते.

कार्बोनिलची गोष्ट सांगण्याचे दुसरेही कारण आहे. मॉन्ड यांच्या युक्तीवर उभारलेला कारखाना दक्षिण वेल्समधील क्लिडाख येथे १९०२ साली सुरू झाला. पुढे तिथल्या कामगारांत नाकाच्या पोकळ्यांचा व फुप्फुसाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात आढळू लागला. संशय कोणावर जावा? साहजिकच कार्बोनिलवर, कारण सर्वांत जहाल विष तेच होते. पण रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७० च्या दशकातल्या अभ्यासांतून चित्र वेगळे निघाले. १९३० पूर्वी कामाला लागलेल्यांत धोका प्रचंड, नंतरच्यांत तो बराच उतरलेला. आणि कार्बोनिलची प्रक्रिया तर दोन्ही काळांत चालूच होती. बदलले होते ते भट्ट्या, कच्चा माल आणि धूळ. बोट वळले ते भाजणीच्या विभागातल्या सल्फाइड व ऑक्साइडच्या धुळीकडे. जी संयुगे गिळली तर रॅट मरत नाही, तीच ही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने १९९६ साली तीन निकेल संयुगांवरचे दोन-दोन वर्षांचे श्वसनप्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा हाच उलटा क्रम समोर आला. थोड्या काळाच्या प्रयोगांत रॅटच्या फुप्फुसाला सर्वांत जास्त इजा करणारे सल्फेट, मग सबसल्फाइड, सर्वांत शेवटी ऑक्साइड. दोन वर्षांनी पाहिले तर सबसल्फाइडमुळे कर्करोगाचा स्पष्ट पुरावा, ऑक्साइडमुळे काही पुरावा, आणि सल्फेटमुळे काहीच नाही. अल्पकाळात सर्वांत त्रासदायक ठरलेला क्षार रॅटमध्ये कर्करोगाच्या आरोपातून सुटला. माणसाच्या बाबतीत मात्र तोही सुटलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली निकेल संयुगांना पहिल्या गटात टाकले ते शुद्धीकरण कारखान्यांतल्या कामगारांच्या पुराव्यावरून, आणि त्यात सल्फेटही होते.

असे का व्हावे, याचे जे स्पष्टीकरण आज दिले जाते ते समजायला अवघड नाही. विद्राव्य क्षाराचे आयन फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मूत्रात लवकर निघून जातात. पेशीच्या आत ते सहज शिरत नाहीत. सल्फाइडचा बारीक कण मात्र पेशी अख्खा गिळते. तिच्या आतल्या आम्लधर्मी पिशवीत तो सावकाश विरघळतो आणि केंद्रकाच्या अगदी शेजारी निकेलचे आयन सोडत राहतो. जठररसात दोन तासांत किती निकेल सुटले, या प्रश्नाचा या घटनेशी फारसा संबंध नाही. जठरात कमी सुटणे हे तीव्र विषारीपणाच्या बाबतीत संरक्षण ठरते. फुप्फुसात सावकाश सुटणे हाच दोष ठरतो.

मग सुरुवातीच्या विद्यार्थ्याला काय सांगायचे? त्याच्या तिन्ही बाटल्यांवर आणखी एक चित्र आहे, ज्याकडे त्याने पाहिले नाही. माणसाच्या छातीवर चांदणी फुटल्यासारखे ते चित्र आहे. तिन्ही संयुगे युरोपच्या यादीत माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्यांच्या सर्वांत वरच्या वर्गात आहेत. हे चित्र त्याला कळले नाही यात नवल नाही. कवटी कोणालाही कळते, चांदणी शिकवावी लागते. आमची या पद्धतीवरची मुख्य तक्रार हीच आहे. सर्वांत बोलके चिन्ह तिने सर्वांत ढोबळ मापाला दिले, जे एका प्राण्याच्या, एका मार्गाच्या, एका मात्रेच्या मृत्यूपुरते बोलते. जे जन्मभर साचत जाते त्याला मुके चिन्ह दिले. आणि ॲलर्जी व गिळण्याची बाधा ही दोन अगदी वेगळी दुखणी एकाच उद्गारचिन्हात कोंबली. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की ती बहुधा जन्मभर राहते आणि मग घड्याळाचा पट्टा किंवा कानातली रिंगही चालत नाही. इतक्या सूक्ष्म मात्रेला अर्धमारक मात्रेच्या तक्त्यात जागाच नाही.

तीव्र विषारीपणाच्या तक्त्यापुरते म्हणाल तर जठररसाच्या चाचणीवर आधारलेले अनुमान आम्ही पाण्यातल्या विद्राव्यतेपेक्षा निश्चित वरचे मानतो. त्यात दोन दुरुस्त्या मात्र हव्यात. मात्रा क्षाराच्या वजनाबरोबर निकेलच्या वजनातही छापली जावी, म्हणजे स्फटिकजलाचा घोळ मिटेल. आणि नमुना कोणत्या रूपातला, किती बारीक, कोणत्या तापमानाला भाजलेला, हे नावाशेजारी लिहावे.

शाळेपुरते सांगायचे तर डायमिथिल ग्लायॉक्झाइमच्या परीक्षेला विरल द्रावणाचे दोन-तीन थेंब पुरतात. ती करायला काही हरकत नाही. हात धुवावेत आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बरणीत साठवावे. पण निकेल कार्बोनेट किंवा नायट्रेट उघड्या मुशीत तापवून काळे ऑक्साइड करून दाखवणे आणि ती भुकटी कागदावर ओतून वर्गात फिरवणे, हा प्रयोग आमच्या मते बंद करावा. त्या भुकटीच्या बाटलीवर कवटी नसते.